जाऊं पाहणारा खेळाडू आणि मागें राहणारा चाहता

कल्याणहून अंधेरीस फुटबॉलचा सामना पाहावयास जाणें ही सोपी गोष्ट नव्हे. घाटकोपरपर्यंत लोकल, तेथून मेट्रो, आझादनगरास उतरून क्रीडासंकुलापर्यंतची चाल, आणि रात्रीं सामना आटोपल्यावर तोच सारा प्रवास उलट दिशेनें. कल्याण-डोंबिवलींतील जीं तरुण मुलें हा खटाटोप करतात त्यांना मुंबई सिटी हा संघ ‘आपला’ वाटतो, तो उगाच नव्हे. त्या आपलेपणाची किंमत त्यांनीं तिकिटाच्या पैशांनीं, झोपेच्या तासांनीं आणि घरच्यांच्या बोलण्यानें चुकती केलेली असते.

अशा चाहत्याच्या कानीं एके दिवशीं वार्ता येते कीं, संघांतील सर्वांत होतकरू खेळाडू दुसरीकडे चालला. मुंबई सिटीच्या चाहत्यांवर हा प्रसंग 1924 सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, 2024 सालीं आला. मिझोरामच्या ऐझॉलचा लालेंगमाविया राल्ते, ज्याला सारे अपुइया म्हणून ओळखतात, हा मधल्या फळींतला खेळाडू तेव्हां 23 वर्षांचा होता. त्या वर्षाच्या 4 मे रोजीं मुंबईनें कलकत्त्यास जाऊन, मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर 3-1 असें हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहींत तोंच अपुइया त्याच मोहन बागानकडे गेला. ज्याला काल हरवलें त्याच्याच घरीं आपला मुलगा नांदावयास जावा, तसा हा प्रकार!

अशा वेळीं चाहत्यांच्या मनांत जें वादळ उठतें त्याचे प्रवाह बहुधा तीन असतात. पहिला निखळ दुःखाचा: हा मुलगा आपल्या डोळ्यांदेखत वाढला, आतां तो दिसणार नाहीं. दुसरा आरोपाचा: पैशासाठीं गेला, कृतघ्न निघाला. तिसरा तुच्छतेचा: तसा तो कांहीं फार मोठा नव्हताच, त्याच्यावांचून आपलें कांहीं अडत नाहीं. या तिसऱ्या प्रवाहास मराठींत कोल्ह्याच्या द्राक्षांची गोष्ट पुरेशी आहे. पहिल्याविषयीं कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. विचार करावयाचा तो दुसऱ्याचा.

कृतघ्नतेच्या आरोपामागें एक न लिहिलेली वही असते. चाहता मनांत म्हणत असतो, आम्हीं याला प्रेम दिलें, टाळ्या दिल्या, पडत्या काळांत सांभाळलें. त्याची फेड त्यानें येथेंच राहून करावयास हवी होती. परंतु ही वही एकाच बाजूनें लिहिलेली असते. अपुइया मुंबईस आला तो 2021 सालीं, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघांतून. त्या वेळीं गुवाहाटीच्या चाहत्यांस काय वाटलें असेल, याची चौकशी मुंबईंत कोणीं केली होती? येणाऱ्यास ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणावयाचें आणि जाणाऱ्यास ‘लोभी’, ही भाषा न्यायाची नव्हे. डोंबिवलींत वाढलेला अजिंक्य रहाणे लहानपणीं खेळाची पिशवी पाठीवर टाकून मुंबईच्या मैदानांकडे जाऊं लागला, तेव्हां त्यानें डोंबिवली सोडली असें कोणी म्हटलें नाहीं. सर्वांस अभिमानच वाटला. मुलगा आपल्या गांवांतून मोठ्या शहराकडे गेला म्हणजे प्रगति, आणि आपल्या शहरांतून आणखी कोठें गेला म्हणजे द्रोह, असा भेद करण्यास आधार कोणता?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाहीं. कायद्यानेंही तो सोडवावा लागला आहे. इंग्लंडांत पूर्वीं असा नियम होता कीं, खेळाडूचा करार संपला तरी संघ त्याचें नांव आपल्या दप्तरांत अडकवून ठेवूं शके. मग त्याला ना येथें मनासारखें खेळतां येई, ना दुसरीकडे जातां येई. 1960 सालीं न्यूकॅसल युनायटेडचा जॉर्ज ईस्टहॅम यास संघ सोडावयाचा होता. तोही तेव्हां 23 वर्षांचाच होता. संघ सोडीना, म्हणून त्यानें खेळणेंच थांबविलें आणि कांहीं महिने बुचें विकण्याच्या धंद्यांत नोकरी करून पोट भरलें. त्या वर्षाअखेर त्याला आर्सेनल संघाकडे जाऊं देण्यांत आलें, तरीही त्यानें खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर दावा पुढें चालविला. आणि 1963 सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं अशी अडवणूक म्हणजे माणसाच्या उपजीविकेवर गैरवाजवी बंधन होय, असा निर्णय दिला. पुढें 15 डिसेंबर 1995 रोजीं युरोपच्या न्यायालयानें बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान याच्या खटल्यांत, करार संपलेल्या खेळाडूसाठीं युरोपीय संघांतील देशांमध्यें मोबदला मागतां येणार नाहीं, असें ठरविलें. आज जगभर जी रीति रूढ आहे तिचा पाया हा. करार चालू असेपर्यंत खेळाडू बांधलेला. मुदतीपूर्वीं नेणाऱ्यानें संघास भरपाई द्यावयाची. मुदत संपली कीं तो मोकळा. इतकेंच नव्हे, तर खेळाडू मोबदला घेऊन एका देशांतून दुसऱ्या देशांत जातो तेव्हां, 12 ते 23 या वयांत ज्या संघांनीं त्याला शिकविलें त्यांच्यासाठीं त्या रकमेंतून शेकडा 5 भाग राखून ठेवण्याचा जागतिक संघटनेचा नियम आहे. घडविणाऱ्याचें ऋण मोजण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होय.

मात्र या व्यवहारांत चाहत्याच्या हातीं कांहींच पडत नाहीं. संघास पैसा मिळतो, खेळाडूस नवी संधि मिळते, नव्या संघास खेळाडू मिळतो. चाहत्याजवळ जुन्या नांवाचा एक सदरा तेवढा उरतो. त्याच्या रागाचें मूळ येथें आहे, आणि तें समजून घेण्यासारखें आहे. परंतु राग ज्याच्यावर निघतो तो तरुण या हिशेबांत सर्वांत दुबळा पक्ष असतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

कारण निष्ठा खेळाडूनेंच मोडावी असें थोडेंच आहे? महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ 2005-06 च्या हंगामांत राष्ट्रीय लीगचा विजेता होता. 2010 सालीं मालकांनीं तो बंदच करून टाकला. खेळाडूंना दुसरें दार शोधावें लागलें. 2025 च्या जुलै महिन्यांत, चालकांमधील करार अनिश्चित झाल्यामुळें, इंडियन सुपर लीगचा पुढला हंगाम स्थगित करण्यांत आला आणि ऑगस्टांत बंगलोरच्या संघानें तर खेळाडूंचे पगार थांबविल्याचें जाहीर केलें. फुटबॉलपटूचें कमाईचें आयुष्य फार तर पंधरा वर्षांचें. एक गुडघा दुखावला तर तेंही नाहीं. संघ हात आखडता घेतो त्या दिवशीं ज्याला कोणी तारीत नाहीं, त्यानें आपल्या भरभराटीच्या दिवशीं तरी स्वतःचा विचार करूं नये काय?

क्रिकेटांत हाच प्रसंग 2025 च्या एप्रिलमध्यें घडला. यशस्वी जयस्वाल यानें गोव्याकडून खेळण्यासाठीं मुंबईच्या संघटनेकडे ना-हरकत पत्र मागितलें. त्याचेंही वय तेव्हां 23. भदोहीहून लहानपणीं आलेला, आझाद मैदानावरील तंबूंत राहिलेला हा मुलगा. ‘मुंबईनें घडविलेला मुंबईला सोडतो!’ म्हणून घरोघरीं चर्चा झाली. मे महिन्यांत त्यानें ती विनंती मागें घेतली आणि वाद मिटला. परंतु तो तंबूंत राहत असतांना मुंबईंतील किती जणांस त्याची दाद होती? कर्तृत्व दिसल्यावर जो हक्क सांगितला जातो, तो कर्तृत्व दिसण्यापूर्वींच्या काळजीनें कमावलेला असावा लागतो.

याचा अर्थ चाहत्यानें कधींच रागावूं नये असा नव्हे. चालू करार असतांना सराव टाळणें, दुखापतीचा बहाणा करणें, मैदानावर अंग चोरणें, हे प्रकार निंद्य होत. निरोप देण्यापूर्वीं चाहत्यानें तीन गोष्टी पाहाव्या: खेळाडू शेवटच्या दिवसापर्यंत मन लावून खेळला काय? दिलेला शब्द त्यानें पाळला काय? संघाचें देणें चुकतें झालें काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर वाईट वाटावें, डोळेही भरावे. परंतु शिव्याशाप देऊं नयेत. लिव्हरपूलच्या एव्हर्टन संघाचा वेन रूनी 2004 सालीं अवघ्या 18 व्या वर्षीं मँचेस्टर युनायटेडकडे गेला, तेव्हां त्याच्या गांवच्या लोकांनीं त्याला पुष्कळ वर्षें हुर्यो घातली. 2017 सालीं तोच रूनी एव्हर्टनला परतला आणि तेथील लोकांनीं त्याचें स्वागत केलें. मधल्या तेरा वर्षांच्या कडवटपणांतून कोणाचें काय साधलें?

कल्याणकरांस तर हें अधिक सहज उमगावयास हवें. 1854 सालीं आगगाडी येथवर पोहोंचली तेव्हांपासून या शहराचा दिवस कोणीतरी घर सोडून निघण्यानेंच सुरू होत आला आहे. येथील कित्येक कुटुंबें कोंकणांतून, खानदेशांतून, देशावरून पोटामागें आलीं. त्यांच्या मुलांनीं अधिक पगाराची नोकरी धरली म्हणजे घरांत पेढे वांटले जातात. त्याच घरांतला मुलगा रात्रीं अंधेरीहून परततांना, कलकत्त्यास निघालेल्या तेवीस वर्षांच्या खेळाडूवर चरफडत असेल, तर वडिलांनीं त्याची समजूत घालतांना फार लांब जाऊं नये. आपण गांव सोडून येथें कां आलों, एवढेंच त्याला सांगावें.