घर टिकवायचं, तर ते बदलू द्या

मुंबई-पुण्यात इमारत पाडण्यासाठी ती मोडकळीला येण्याची वाट आता कुणी पाहत नाही. मुंबईच्या नियमावलीनुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या सोसायटीला पुनर्विकासासाठी वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, मिळू शकतो. त्यामुळे तिसावं वर्ष हे इमारतीच्या निवृत्तीचं वय होऊन बसलं आहे. ज्या काँक्रीटनं नीट देखभाल झाल्यास आणखी तितकीच वर्षं सहज काढली असती, त्याचं डेब्रिज होतं आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरला ‘हरित इमारती’चं मानांकन मिळतं. गच्चीवरची सौर पॅनेल्स, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, कमी पाणी सोडणारे नळ या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. पाडलेल्या इमारतीतलं सिमेंट आणि पोलाद कुणाच्या खात्यावर टाकायचं, हे मानांकनाची पाटी सांगत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीनं सर्वांत किफायतशीर इमारत म्हणजे जी पाडावी लागत नाही ती. आणि इमारत पाडावी लागू नये, यासाठी ती नुसती भक्कम असून भागत नाही. राहणाऱ्यांचं जगणं बदललं की तिला आतून बदलता आलं पाहिजे.

इमारतीचे सगळे भाग एकाच वयाचे नसतात. कॉलम, बीम, स्लॅब यांचं आयुष्य वेगळं. नळ, वायरिंग, टाइल्स, किचनचा ओटा यांचं वेगळं. पाण्याची लाइन वीस-पंचवीस वर्षांत बदलावी लागते, तरी आपण ती भिंतीत आणि जमिनीत गाडून टाकतो. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये पाइप टाकायचे, वर ब्रिकबॅट कोबा भरायचा आणि टाइल्स लावून मोकळं व्हायचं. पुढे एखादा सांधा पाझरू लागला की खालच्या घराच्या छताला ओल येते, सोसायटीत पत्रापत्री सुरू होते आणि वर्षं जातात. दरम्यान ते पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकानं उघड्या किनारी हवेसाठी एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलं आहे. पण हे आवरण काटेकोर ठेवलं, तरी आतून वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं तर सांगाड्याचं आयुष्य घटतंच. पंचवीस वर्षांच्या पाइपमुळे शंभर वर्षांचा सांगाडा जातो, आणि त्याला आपण ‘इमारत जुनी झाली’ म्हणतो.

डच वास्तुरचनाकार जॉन हॅब्राकेन यांनी १९६१ सालीच यावर तोडगा मांडला होता. सांगाडा समाजानं बांधावा, तो दीर्घकाळ टिकावा. आतली मांडणी मात्र राहणाऱ्याच्या हाती असावी, ती त्याला वाटेल तेव्हा बदलता यावी. जपानमध्ये ओसाका गॅस कंपनीनं १९९३ मध्ये ‘नेक्स्ट-२१’ नावाची १८ घरांची प्रायोगिक इमारत याच तत्त्वावर उभारली. तिथे पाइप आणि वायरिंग सांगाड्यापासून वेगळे ठेवले आणि पुढे काही घरांची आतली रचना खरोखरच बदलूनही पाहिली.

हे परदेशी शहाणपण वाटत असेल, तर नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेज ही १९८०च्या दशकातली वसाहत पाहावी. घरं वाढणार हे तिथे आधीच गृहीत धरलं होतं. शेजाऱ्याची भिंत सामाईक ठेवली नाही, कारण कुणी मजला चढवला तर दुसऱ्याला त्रास नको. आज तिथली अनेक मूळ घरं ओळखू येत नाहीत. त्याची हळहळ करणारे वास्तुरचनाकार पुष्कळ आहेत. माझ्या मते तो त्या आराखड्याचा विजय आहे. बीडीडी चाळींचंही तसंच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या २०७ चाळी १९२०च्या दशकात काँक्रीटमध्ये बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबांनी मोरी केली, पोटमाळे काढले, पडदी टाकून नवदांपत्याचा संसार बसवला. त्यांचं गौरवीकरण करायचं कारण नाही. सार्वजनिक संडासाची रांग हे काही वैभव नव्हे. पण डागडुजी करत या सांगाड्यांनी शतक गाठलं, हे विसरू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला. हे नवे टॉवर तितकं टिकतील का, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

तो विचारायचं कारण म्हणजे सध्या सर्वत्र वापरली जाणारी मायवान पद्धत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्यानं होतं, फिनिशिंग चांगलं येतं, भूकंपातही असा सांगाडा चांगला वागतो. पण त्यात घराची जवळपास प्रत्येक भिंत भार पेलणारी होते. मुलं परदेशी गेल्यावर दोन खोल्यांची एक करावी, आईच्या व्हीलचेअरसाठी बाथरूमचं दार रुंद करावं, घरून काम करणाऱ्या सुनेसाठी एक कोपरा बंद करावा, यातल्या पहिल्या दोन गोष्टी जवळपास अशक्य. वायरिंगच्या नळ्याही काँक्रीटमध्येच पुरलेल्या. शिवाय काँक्रीटमधून उष्णता विटेच्या सुमारे दुप्पट वेगानं आत येते; हलक्या एएसी ब्लॉकशी तुलना केली तर सुमारे आठपट. मग एसी लावायचा. देशाची शीतकरणाची गरज २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल, असं केंद्राच्या २०१९ च्या कृती आराखड्यानंच म्हटलं आहे. त्यात अशा भिंतींची भर.

आतल्या भिंतींइतकाच प्रश्न बाहेरून येणाऱ्या उजेडाचा आणि हवेचा आहे. आरोग्याचा मुद्दा इथेच येतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं साडेत्रेसष्ट अंशांचा दंडक घातला. खिडकीसमोर त्या कोनात आकाश मोकळं हवं. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीच्या आत हवी. शंभर वर्षांनंतर मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या राहिल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासात तिथे क्षयरोगाचं प्रमाण जवळच्या, तुलनेनं मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं, आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होतं. उंची, अंतर आणि खिडक्या एकदा ठरल्या की बदलत नाहीत, म्हणून सुरुवातीला कडक राहायचं ते इथे. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’ नुसार उष्ण-दमट हवामानात उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश हवा. दोन पाखांची सरकती खिडकी मात्र अर्धीच उघडते, हे नकाशा पाहताना लक्षात येत नाही.

यावर बिल्डरांचा आक्षेप ठरलेला असतो: हे सगळं महाग पडेल. काही खर्च वाढेल, हे मान्य. पाइप भिंतीत न गाडता प्लंबर आत उभा राहू शकेल एवढ्या डक्टमधून नेले तर विकता येणारी जागा थोडी घटते. पण मायवान सोडायची गरज नाही. बाहेरच्या आणि दोन घरांमधल्या भिंती काँक्रीटच्या ठेवून आतल्या हलक्या ब्लॉकच्या केल्या, तरी बराच फायदा मिळतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: इमारती पडतात त्या एफएसआयच्या लोभानं, आतली रचना कितीही लवचीक केली तरी तो लोभ सुटणार नाही. हेही खरं. मग नियमच वळवायला हवा. नियमाला काय करता येतं हे २०१२ मध्ये दिसलंच आहे. बाल्कनी आणि फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये मोजायला लागल्यापासून नव्या घरांतून बाल्कनी आखडत गेली. पाडण्याला मिळणाऱ्या वाढीव एफएसआयपैकी काही भाग जुना सांगाडा दुरुस्त करून वापरणाऱ्याला का देऊ नये?

तोवर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चटईक्षेत्र आणि कॉर्पस फंड यांच्या जोडीनं चार प्रश्न विचारा. कोणत्या भिंती काढता येतील? पाइप दुरुस्त करायला फरशी फोडावी लागेल का? शेजारच्या इमारतीचं अंतर आणि उंची किती? खिडकी खरोखर उघडते ती किती? उत्तरं विकास करारात लिहून घ्या. करारात नसलेल्या गोष्टीसाठी सही झाल्यावर बिल्डरला बांधून घेणं अवघड जातं.