दुधानं पोट फुगतं, आतडं सुजत नाही

लातूरच्या देवणीनं आणि नांदेडच्या कंधारनं आपापल्या नावाचा गोवंश दिला. माळेगावच्या यात्रेत त्यांचा तोरा बघावा. अशा मुलखात कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार निघाला की सोयरेधायरे सांगतात, ‘दूध बंद कर.’ लगेच दुसरा म्हणतो, ‘जर्सीचं सोड, देवणीचं घे, ते ए2 असतं.’

ए2चं आधी निकालात काढू. तो दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार. पोट फुगवते ती लॅक्टोज ही साखर; देवणी, जर्सी, म्हैस, कुणाचंही दूध घ्या, 100 मिलीत ती साधारण 5 ग्रॅम असतेच.

ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं आणि पुष्कळांमध्ये बालपणानंतर ओसरतं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात: गुरगुर, गॅस, जुलाब. त्यातला थोडा हायड्रोजन रक्तात उतरून श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून लॅक्टोजचं पाणी पाजून नुसत्या फुंकरीवर निदान करता येतं.

कोलायटिसची सूज मोठ्या आतड्यात असते, लॅक्टेजची जागा शाबूत राहते. क्रोन्स लहान आतड्याच्या वरच्या भागात असेल तर मात्र लॅक्टेज घटू शकतं. दोघांना एकच पथ्य कसं लावणार? आणि शौचातून रक्त, ताप, घटतं वजन हे तर दुधाच्या माथी मारूच नये. तिथे डॉक्टर गाठावा, आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करावी.

उगाच दूध तोडणं महागात पडतं. या आजारात दिलेली स्टिरॉइड हाडं ठिसूळ करतात, आणि आपण नेमकं तेव्हाच कॅल्शियम तोडतो! लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी कपभर दूध सोसतं, जेवणासोबत अधिकच. चहातलं दूध ते केवढं! रात्री विरजण लावलेल्या दह्यात जिवाणूंनी बरीच साखर आधीच फस्त केलेली असते. उरलेली फोडायला त्यांचंच विकर पोटात उपयोगी पडतं. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. खव्याचं उलटं: पाणी आटतं, साखर तिथेच राहते. लग्नातली बासुंदी बाधते ती यामुळे.

दहीही सोसत नसेल तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आहेत. मात्र क्रोन्सनं आतडं अरुंद झालं असेल तर तीळ डॉक्टरांना विचारूनच खावेत, तेही बारीक कुटून.