जुन्या बीटलचा क्लच : लहान भाग, मोठा भरवसा

श्रीनगर-कन्याकुमारी आणि सिल्चर-पोरबंदर हे दोन महामार्ग झाशीत परस्परांना छेदतात. बुंदेलखंडाच्या रणरणत्या उन्हात येथे एखाद्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचा क्लच सुटेनासा झाला, तर हवेवर थंड होणारे तिचे निर्दोष इंजिनही निरुपयोगी ठरते.

पेडल दाबताच तार ओढली जाते, गिअरबॉक्सकडील आडवा दांडा फिरतो आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाब देते. १९७० पर्यंतच्या बीटलमध्ये हे बेअरिंग केवळ त्या दांड्याच्या दोन बाहूंवर पेललेले असे. ते मध्यापासून ढळण्यास वाव राही. १९७१ च्या मॉडेलपासून त्याला मार्गदर्शक नळीचा आधार मिळाला. अशी नळी जुन्या गाडीतही बसविता येते.

मात्र भाग जोडीनेच बदलावेत. जुन्या बेअरिंगला मध्यभागी कडे असलेली प्रेशर प्लेट लागते, तर नव्याला कड्याविना. या भागांपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन उतरवावे लागते. म्हणून क्लच प्लेट, तेलाचे सील व दांड्याचे बुश त्याच वेळी तपासावेत. शेवटी पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. ती नसेल, तर बेअरिंग अखंड फिरत राहून अकाली झिजते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. म्हणूनच काढलेला मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवणे हिताचे. जुन्या ठेवीप्रमाणे जुन्या वाहनाचे मोलही वेळच्या वेळी लक्ष दिल्यानेच टिकते.