रोजंदारी आणि जोखीम

काशीतील पंचगंगा घाटाजवळचे मंगळागौरीचे मंदिर मराठी यात्रेकरूंना परके नाही. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आणि लग्नघरी शालू हवा तो बनारसीच, हा आपला हट्टही जुनाच आहे. तो शालू विणणाऱ्या हातांची स्थिती पाहिली, म्हणजे विकसनशील देशातील असुरक्षित रोजगाराचे स्वरूप स्पष्ट होते.

काशीच्या मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांत हा व्यवसाय घराघरांतून चालतो. गद्दीवरचा व्यापारी गिरस्ताला मागणी देतो. गिरस्त विणकराला रेशीम, जर आणि नक्षी पुरवितो. मजुरी ठरते ती नगावर. दोष आढळल्यास तीतून कपात होते. माग अनेकदा विणकराच्याच घरी असतो. घरातील स्त्रिया कांड्या भरून देतात, त्यांच्या श्रमाचा निराळा हिशेब क्वचितच होतो. बाजार मंदावला की माग थांबतो. विणकराला कोणी कामावरून काढीत नाही, कारण त्याला कोणी कामावर ठेवलेलेच नसते. 2009 मध्ये बनारसी साडीला भौगोलिक चिन्हांकन मिळाले. कापडाच्या नावास संरक्षण लाभले. विणकराच्या मजुरीस मात्र त्याने हमी मिळत नाही.

उद्योगीकरण वाढेल तसतशी अशी कामे मागे पडतील, अशी अपेक्षा एके काळी होती. आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा रोखही तोच होता. प्रत्यक्षात उलटे घडले. मुंबईच्या गिरण्यांतही कायम कामगारांबरोबर ‘बदली’ कामगार होतेच; 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापड यंत्रमागांकडे वळले. असंघटित क्षेत्रासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या हिशेबाप्रमाणे 2004-05 मध्ये देशातील सुमारे 92 टक्के कामगारांना रोजगाराची वा सामाजिक सुरक्षेची हमी नव्हती. आज मोबाइलवरून मिळालेल्या मागणीप्रमाणे घरोघर माल पोचविणारा तरुणही नगावरच मोबदला घेतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा या हातावरच्या पोटांची उपजीविका एका रात्रीत खुंटली.

याचे मर्म असे की, मंदी, आजार, वार्धक्य यांची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते. ती धंद्याने दिली नाही, तर कामगाराच्या कुटुंबावर पडते.

ही वाटणी बदलता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ओझी वाहणाऱ्या हमालाचा मालक दिवसातून अनेकदा बदलतो. त्यामुळे जबाबदारी कोणा एकावर ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. मालक मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरतो; मंडळ वेतन देते आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांची तजवीज करते. काम रोजचेच राहिले. पण त्याच्यामागे एक कायमची संस्था उभी राहिली.

या व्यवस्थेत दोष शिरले नाहीत असे नाही. घरातल्या मागाला ती जशीच्या तशी लागू करणेही सोपे नाही. परंतु मालक बदलता असला तरी जबाबदारी स्थिर ठेवता येते, हे तिने सिद्ध केले. शालूच्या किमतीत रेशमाचा आणि जरीचा भाव धरला जातो; विणकराच्या रिकाम्या दिवसांचाही भाव तीत धरला गेला पाहिजे.