सरकी दरवर्षी विकत का घ्यावी लागते?

जून लागला की विदर्भातला शेतकरी कृषी सेवा केंद्रातून बीटी कपाशीची पाकिटं आणतो, बरेचदा उधारीवर. त्याच्याच कापसातून जिनिंगमध्ये सरकी निघते. ती तेलाला आणि ढेपेला जाते, पेरणीला येत नाही. ‘कंपनीने जनुक घातलं म्हणून’ हे त्याचं नेहमीचं उत्तर, आणि ते अर्धंच खरं आहे.

बीटी हा मातीतला जिवाणू. त्याचं जनुक कपाशीत घातलं की झाडात एक प्रथिन तयार होतं आणि ते पोटात गेलं की बोंडअळी मरते. मोन्सँटोचं हे तंत्र जालन्याच्या महिकोबरोबर इथे आलं. २००२ साली लागवडीला परवानगी मिळाली. हे जनुक पुढच्या पिढीतही उतरतं. न उगवणाऱ्या ‘टर्मिनेटर’ बियाण्याची भीती फार गाजली, पण ते बियाणं बाजारात कधी आलंच नाही.

खरी गोम संकरात आहे. बियाणे प्लॉटमध्ये मजूर, त्यातही बायका, एका वाणाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर लावतात. त्यातून आलेलं झाड जोमदार असतं. त्याची सरकी पेरली तर मात्र आई-बापाचे गुण विखुरतात. एक झाड उंच, एक खुजं, बोंडं कमी-जास्त. सरळ वाणाचं तसं नसतं, त्याचं बी राखून ठेवता येतं. चीनमध्ये बीटी सरळ वाणांतही मोठ्या प्रमाणावर दिलं गेलं. आपल्याकडे ते जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतच आलं, आणि तिथेच पाकिटाची गाठ पक्की बसली. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संकरित सरकीपुढे तो हक्क कागदावरच राहतो.

याचा आणखी एक तोटा फारसा कुणी सांगत नाही. संकरात बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून येतं. त्यामुळे बोंडातल्या सगळ्या सरकीत ते नसतं. एका जनुकापुरतं पाहिलं तर साधारण चारांत एक सरकी बिनविषारी निघते. गुलाबी बोंडअळी तर बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात काही दाणे जहरी, काही साधे, आणि विषाला सरावायला याहून सोयीची जागा कुठली? त्यात लांब मुदतीचे वाण आणि फरदड (वेचणीनंतरही तेच पीक राखून पुन्हा कापूस घेणं), म्हणजे अळीला महिनोन्‌महिने खायला. आधी गुजरातेत ती दाद देईनाशी झाली. २०१७ साली महाराष्ट्रात बोलगार्ड-२ ही दोन बीटी जनुकांची कपाशी लावलेली शेतंही तिने पोखरली.

वाद मात्र पेटला तो रॉयल्टीवर. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सुमारे १,६०० रुपयांना होतं आणि त्यातला मोठा वाटा जनुकाचा. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारच्या तक्रारीनंतर भाव निम्म्याच्या आसपास आला. २०१६पासून केंद्र सरकार भाव ठरवू लागलं आणि रॉयल्टी ४९ रुपयांवर आणली. २०१९मध्ये ती २० होती, २०२०मध्ये शून्य झाली. बोलगार्ड-२चं पाकीट मात्र दोन्ही वर्षी ७३० रुपयांनाच होतं.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाण तयार केले आहेत. जनुक हवं की नको या भांडणात शेतकरी संघटनांनी जरूर पडावं. पण त्याआधी हे बियाणं तालुक्याच्या दुकानात का मिळत नाही, हे कृषी खात्याला विचारावं.