आजोबांची बीटल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? आधी हा नियम वाचा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात कुणाच्या दारात जुनी फोक्सवॅगन बीटल किंवा मर्सिडीज उभी असेल, तर घरच्यांनी मिळून ती चालती करणं हा मस्त छंद आहे. पण इंजिन बदलण्याआधी थांबा.

नियम काय? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल, तर मिळत नाही.

फी किती? नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणीला ५,००० रुपये.

नंबर? आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुनाच ठेवता येतो. नव्या नोंदणीत ‘व्हीए’ अक्षरं येतात.

रोज स्टेशनला नेता येईल? नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच.

म्हणून जुना भाग आधी दुरुस्त होतो का ते बघा.