सामुदायिक मध्यस्थी (पेण व रोहा तालुके)

सामुदायिक मध्यस्थी ही एकाच गावात, वाडीत किंवा वस्तीत राहणाऱ्या व्यक्ती अथवा कुटुंबांमधील तंटा मिटविण्याची एक पद्धत आहे. तीत त्याच परिसरातील तटस्थ व्यक्तीचे साहाय्य घेतले जाते आणि तोडगा उभय पक्षांच्या संमतीने काढला जातो. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही पक्षांना बोलते करतो, भांडणामागील खरी गरज शोधण्यास मदत करतो आणि ठरलेल्या गोष्टी लेखी स्वरूपात आणतो. याउलट लवाद आणि पंच हे निर्णय देतात व तो निर्णय पक्षांवर बंधनकारक असतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे गावाने तंटा मिटविण्याची परंपरा जुनी आहे; तशीच गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचीही आहे.

पूर्वपीठिका

मराठेशाहीत जमीन, वतन आणि मानपान यांविषयीचे तंटे गोतसभा, मजालस व पंचायत यांच्यापुढे येत. निर्णयाच्या लेखास महजर म्हणत. पंचायतीपुढे जाण्यापूर्वी वादी व प्रतिवादी यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला जाई. आज या शब्दाचा अर्थ पदत्याग असा रूढ असला, तरी त्या काळी तो पंचांचा निर्णय मान्य करण्याविषयीचा संमतिलेख होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात पंचायतीचे गुण सांगितले, तसेच तिच्यातील दिरंगाई आणि पक्षपात यांचीही नोंद केली. ब्रिटिश दिवाणी न्यायालये स्थिरावल्यावर पंचायतीचे न्यायदानातील स्थान गेले. गावकी मात्र टिकून राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये न्याय पंचायतींची तरतूद होती. पुढे ती वगळण्यात आली.

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी सुरू झालेली भूदान चळवळ म्हणजे भूमिहीन व जमीनमालक यांच्यातील हिंसक संघर्षात मनवळवणीने काढलेला मार्ग होता. त्यातून पुढे आलेल्या ग्रामदानाच्या विचारात गावातील तंटे गावातच मिटावेत, हे सूत्र होते. गुजरातमधील रंगपूर येथे हरिवल्लभ परीख यांनी आदिवासींमध्ये चालविलेली लोकअदालत याच गांधीवादी परंपरेतील होती.

तंट्यांचे स्वरूप

दोन्ही तालुक्यांत शेतजमिनीचे तुकडे लहान आहेत. अनेक सातबारा उताऱ्यांवर कित्येक वारसांची नावे एकत्र असतात आणि त्यांपैकी काही जण मुंबई-ठाण्यात नोकरीनिमित्त राहतात. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी जमले की वाटणीचा विषय निघतो. घराची पडवी, आंब्याचे झाड, विहिरीचे पाणी, शेतावर जाण्याची वाट ही भांडणाची नेहमीची कारणे होत.

पेण तालुक्याच्या खाडीपट्ट्यात यात खारभूमीची भर पडते. समुद्राचे पाणी अडविणारे बाहेरकाठे आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या यांवर तेथील भातशेती अवलंबून असते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी एकाच्या नव्हे, सर्वांच्या शेतात शिरते आणि पुढील काही हंगाम जमीन नापीक राहते. उघाडी कोणी व केव्हा उघडावी, बांधाची डागडुजी कोणी करावी, भातशेती राखावी की जिताड्याचे तलाव करावेत, हे प्रश्न एका वादीला एका प्रतिवादीविरुद्ध उभे करून सुटत नाहीत. ज्यांचे नुकसान सामायिक आहे त्यांना एकत्र बसावेच लागते. सामुदायिक मध्यस्थीची गरज समजून घेण्यासाठी खारबांधाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भूसंपादनाने तंट्यांना नवे रूप दिले. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या भागांतून जातो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार मोबदल्याच्या वाटपाविषयी हिस्सेदारांत वाद असल्यास तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. तोवर पैसा कोणाच्याच हाती पडत नाही. अशा वेळी भावकीने आपसांत हिस्सा ठरवून लेखी संमती दिली, तर वर्षे वाचतात. मात्र या संमतीत बहिणींचा हिस्सा ‘सोडून दिला’ असे परस्पर गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिलेला आहे.

कार्यपद्धती

वाटेच्या वादावरून मध्यस्थी व निवाडा यांतील भेद स्पष्ट होतो. समजा, एका चुलत भावाला कापणीच्या दिवसांत भात वाहून नेण्यासाठी दुसऱ्याच्या शेतातून टेम्पो न्यायचा आहे आणि दुसऱ्याने काटेरी कुंपण घातले आहे. तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा दूर करण्यासाठी दाद मागता येते. पण त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो, वाट आहे की नाही. मध्यस्थ वेगळा प्रश्न विचारतो: कुंपण का घातले? पुष्कळदा उत्तर मिळते की आज जाऊ दिले तर उद्या कायमचा हक्क सांगतील. ही भीती निराधार नसते. वीस वर्षे अखंडपणे व हक्काने केलेल्या वापरातून सुविधाधिकार निर्माण होऊ शकतो, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ सांगतो. परंतु परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क मिळत नाही. म्हणून ‘कापणीच्या काळात, मालकाच्या परवानगीने, हक्क न सांगता’ अशा शब्दांत केलेला करार पहिल्याची गरज भागवितो आणि दुसऱ्याची धास्ती घालवितो. यात कोणी जिंकत नाही. त्यामुळे पुढच्या लग्नात दोन्ही घरे एका मांडवात बसू शकतात.

यासाठी मध्यस्थाने दोन्ही पक्षांना एकत्र तसेच स्वतंत्रपणे भेटणे, खासगीत ऐकलेले पारावर न सांगणे आणि स्वतःचे मत न लादणे आवश्यक असते. शेवटची अट गावात सर्वांत कठीण जाते. गावातील वजनदार माणसाला निवाडा देण्याची सवय असते व लोकांनाही तो मागण्याची. भारतातील न्यायालयीन मध्यस्थांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण प्रमाण मानले जाते. गावपातळीवर काम करणाऱ्यांना असे प्रशिक्षण सहसा मिळत नाही.

तंटामुक्त गाव मोहीम

महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने आलेली ही मोहीम राज्यभर राबविली गेली आणि पेण व रोहा तालुक्यांतील गावेही तिच्या कक्षेत आली. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती स्थापन करावी, तीत पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांच्यासह गावातील प्रतिष्ठित व्यक्ती व महिला असाव्यात, तंट्यांची दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर अशी नोंद करावी आणि ते सामोपचाराने मिटवावेत, अशी तिची रचना होती. फौजदारी प्रकरणांपैकी कायद्याने तडजोडयोग्य ठरविलेलेच गुन्हे, उदाहरणार्थ साधी दुखापत, समितीपुढे येऊ शकत. तंटामुक्त ठरलेल्या गावास लोकसंख्येनुसार १ लाख ते १० लाख रुपयांचे पारितोषिक मिळे.

वृत्तपत्रांत या समित्या बांधाच्या वादांपेक्षा घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमी युगुलांची लग्ने लावून देण्यामुळेच अधिक गाजल्या. तेही एका अर्थी मध्यस्थीचेच काम होते. मोहिमेचे मोठे यश असे की भांडण नोंदविण्याची आणि मिटल्याचे लिहून ठेवण्याची सवय गावांना लागली. तिचा कच्चा दुवा पारितोषिकातच होता. मिटलेल्या तंट्याला गुण असले की तक्रारदारावर ‘गावासाठी’ माघार घेण्याचे दडपण येऊ शकते. पाटील यांनी गृहखाते सोडल्यानंतरच्या काळात मोहिमेचा जोर ओसरला.

गावकी आणि वाळीत टाकणे

कोकणातील गावकी ही देवळाचे उत्सव, पालखीचा मान, स्मशान, पाणवठा आणि वर्गणी यांची व्यवस्था पाहणारी अनौपचारिक संस्था आहे. तिच्यापुढे भांडणेही येतात. गावकीचा शब्द न मानणाऱ्यास दंड करणे आणि तो न भरल्यास कुटुंबाशी बोलणे, दुकानातून माल देणे, लग्नकार्यास वा अंत्यविधीस जाणे बंद करणे, हे तिचे हत्यार होय. २०१३ ते २०१५ या काळात रायगड जिल्ह्यातील अशी अनेक प्रकरणे उघडकीस आली. त्यांत रोहा तालुक्यातील गावेही होती. निवडणुकीत विरोधात उभे राहणे, न्यायालयात दावा लावणे, पोलिसांत तक्रार देणे अशा कारणांवरून बहिष्कार घातले गेले होते. दावा लावणे हाच गुन्हा ठरत असेल, तर तेथे ‘गावात मिटवा’ या सल्ल्याचा अर्थ पूर्ण बदलतो.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर तो घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालविली. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पीडिताची संमती व न्यायालयाची परवानगी असल्यास तडजोडही करता येते. मध्यस्थीच्या दृष्टीने ही तरतूद लक्षणीय आहे, कारण बहिष्कृत कुटुंबाला अखेर त्याच गावात राहायचे असते. येथे मध्यस्थ गावाबाहेरचा असणे इष्ट ठरते, कारण गाव स्वतःच एक पक्ष असतो.

कायदेशीर स्थिती

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याखाली लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, तीविरुद्ध अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. दाव्यापूर्वीची प्रकरणेही तेथे ठेवता येतात. गावात ठरलेली गोष्ट पक्की करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. रायगडचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबाग येथे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या मध्यस्थी अधिनियमाच्या ४३ व ४४ या कलमांत सामुदायिक मध्यस्थीची प्रथमच स्वतंत्र तरतूद करण्यात आली. या अधिनियमाची कलमे टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे. परिसरातील शांतता व सलोखा बिघडविण्याची शक्यता असलेला तंटा उभय पक्षांच्या पूर्वसंमतीने, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येईल, असे त्यात म्हटले आहे. मध्यस्थांच्या सूचीत सचोटीच्या व समाजात मान असलेल्या व्यक्ती असाव्यात आणि महिलांच्या प्रतिनिधित्वाचा विचार व्हावा, असेही नमूद आहे. मात्र अशा तडजोडीची न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी करता येत नाही. श्रीलंकेने १९८८ च्या कायद्याने देशभर मध्यस्थी मंडळे स्थापन केली आणि ठरावीक स्वरूपाचे लहान तंटे न्यायालयापूर्वी त्यांच्याकडे नेणे बंधनकारक केले. भारतीय कायद्याने असे बंधन घातलेले नाही.

मर्यादा

गंभीर गुन्हे, बालकांविरुद्धचे अत्याचार आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार मध्यस्थीने मिटविता येत नाहीत. कौटुंबिक हिंसाचारात ‘समजूत घालून नांदायला पाठविणे’ यालाच मध्यस्थी म्हटले जाते. प्रत्यक्षात तेथे दोन्ही पक्षांना सारखेच मोकळेपणाने नकार देता येत नसल्याने मध्यस्थीचा पायाच नसतो. दोन्ही तालुक्यांतील कातकरी व ठाकूर कुटुंबांचे दळी जमिनीवरील दावे मुख्यतः शासनाशी संबंधित असून ते वनहक्क कायदा, २००६ खाली ग्रामसभेमार्फत चालतात. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रश्नही याच प्रकारचा होता. तेथे एका बाजूस गावे आणि दुसऱ्या बाजूस प्रकल्प व शासन होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल मतदानाने घेण्यात आला.